निर्वाहाचे शास्त्र : मारिया मीस यांच्या विचारांचा एक परामर्श

परकी भाषा शिकवण्यासाठी आलेल्या माणसाने त्या देशाकडून काय शिकून जावे, याचा काही दंडक नाही. बहुतेक जण चार-पाच वर्षे व्याकरण शिकवतात, निरोपाचे हार स्वीकारतात आणि मायदेशी परततात. मारिया मीस १९६३ साली जर्मन भाषेच्या अध्यापिका म्हणून पुण्याच्या मॅक्स म्यूलर भवनात आल्या, पाच वर्षे राहिल्या, आणि परत गेल्या त्या एक प्रश्न सोबत घेऊन. त्या प्रश्नाचा पाठपुरावा करता करता भाषेची ही शिक्षिका समाजशास्त्रज्ञ झाली आणि समाजशास्त्राच्या वाटेने पर्यावरणविचाराच्या क्षेत्रातील एक अग्रगण्य विदुषी म्हणून जगाला माहीत झाली. १५ मे २०२३ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी, त्या निवर्तल्या.

स्त्रियांच्या चळवळीत वावरणाऱ्यांना मीस यांचे नाव परिचित आहे. सर्वसामान्य वाचकाला ते फारसे ठाऊक नाही. त्यांच्या विचारांची पहिली पेरणी महाराष्ट्रात झाली, हे तर त्याहूनही कमी जणांना ठाऊक असेल. म्हणून प्रस्तुत लेखात दोन गोष्टी करावयाच्या आहेत. त्यांच्या प्रमुख ग्रंथांतून त्यांचा विचार कसा वाढत गेला ते पाहणे, ही पहिली. आणि तो विचार आपल्या परिचयाच्या मातीवर घासून पाहणे, ही दुसरी. त्यासाठी रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके निवडले आहेत. पुणे आणि मुंबई या दोन महानगरांच्या मध्ये, घाटाच्या पायथ्याशी ते वसलेले आहेत. आपल्यापैकी अनेकांनी ते आगगाडीच्या खिडकीतून पाहिले आहेत, धर्मग्रामाच्या सहलीत पायांखाली घातले आहेत. काहींनी तेथे जमिनीचे तुकडेही घेतले आहेत. मीस यांनी जन्मभर जे प्रश्न विचारले ते या दोन तालुक्यांत पावलोपावली भेटतात.

मीस यांचा जन्म ६ फेब्रुवारी १९३१ रोजी जर्मनीच्या पश्चिमेकडील आयफेल या डोंगराळ प्रदेशातील आउएल या खेड्यात झाला. घर कॅथलिक, धंदा शेतीचा, भावंडे बारा. त्यांत मारिया सातव्या. शेती, गोठा आणि भरलेले घर यांचे हे चित्र जुन्या वसईतील वाचकाला अनोळखी वाटू नये. त्यांच्या ‘द व्हिलेज अँड द वर्ल्ड’ या आत्मचरित्राचे मूळ जर्मन पुस्तक २००८ साली निघाले, आणि दोन वर्षांनी इंग्रजी अनुवाद आला. गाव आणि जग हे दोन शब्द त्यांनी शीर्षकात शेजारी ठेवले, ते विचारपूर्वक. गाव हे जगाच्या मागे पडलेले ठिकाण आहे, हे त्यांना कधीच मान्य नव्हते.

आपल्या आईची एक हकीकत त्यांनी लिहिली आहे. १९४५ चा आरंभ. महायुद्ध संपत आलेले, पराभव समोर दिसत असलेला, मुले आघाडीवर गेलेली. उद्याचा विचार करण्याचे त्राण गावात कोणाला उरले नव्हते. अशा वेळी आईने घरची डुकरीण शेजारच्या गावातील नराकडे नेली. लोक तिला हसले. मे महिन्याच्या अखेरीस पिल्ले झाली तेव्हा युद्ध संपले होते, आणि पिल्ले त्या घराखेरीज कोणाकडेच नव्हती. त्यांच्या बदल्यात आईने परतलेल्या पाच मुलांसाठी जोडे, विजारी आणि सदरे मिळवले. आयुष्य पुढे चालत राहते, पण ते आपोआप चालत नाही, कोणाला तरी ते चालवावे लागते, असा बोध मीस यांनी या हकीकतीतून काढला. त्यांच्या पुढील सर्व ग्रंथांचे बीज येथे आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

पुण्यातील वर्गात त्यांना पडलेला प्रश्न वरकरणी अगदी साधा होता. ही मुले-मुली जर्मन का शिकतात? मुलांचे उत्तर सरळ होते : जर्मनीला जाऊन अभियांत्रिकी किंवा तत्सम शिक्षण घ्यावयाचे आहे. मुलींच्या बाबतीत मात्र निराळेच कारण हाती आले. अनेकींना लग्न काही काळ लांबणीवर टाकावयाचे होते. शिक्षण चालू आहे तोवर घरचे थांबतील, एवढाच त्यांचा हिशेब. एखाद्या शिक्षिकेने या उत्तरावर हसून पुढचा धडा सुरू केला असता. मीस यांना त्यात एका समाजाची रचना दिसली. मायदेशी परतल्यावर त्यांनी कोलोन विद्यापीठात रेने क्योनिग या नामवंत समाजशास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली भारतीय स्त्रियांवर प्रबंध लिहिला. १९८० साली तो ‘इंडियन विमेन अँड पेट्रिआर्की’ या नावाने इंग्रजीत आला.

या पहिल्या ग्रंथाची मर्यादा त्याच्या उपशीर्षकातच नोंदलेली आहे. विद्यार्थिनी आणि नोकरदार स्त्रिया यांची द्विधा हा त्याचा विषय. शेतात वाकलेली, डोक्यावर मोळी घेऊन डोंगर उतरणारी स्त्री तेथे नाही. ही उणीव मीस यांनी स्वतःच भरून काढली. १९७६ साली त्यांनी धुळे जिल्ह्यातील शहादा येथील भिल्ल शेतमजुरांच्या चळवळीवर दीर्घ निबंध लिहिला. (शहादा आज नंदुरबार जिल्ह्यात आहे.) तेथील आदिवासी स्त्रियांनी मजुरीच्या लढ्याबरोबरच दारूच्या गुत्त्यांविरुद्धही आघाडी उघडली होती. पुण्याच्या वर्गात सुरू झालेला प्रश्न अशा रीतीने सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत पोहोचला.

तथापि त्यांच्या कर्तृत्वाचा कळस म्हणावा असा ग्रंथ १९८२ चा ‘द लेस मेकर्स ऑफ नरसापूर’. आंध्रच्या गोदावरी खोऱ्यात हजारो स्त्रिया घरी बसून सुती जाळीकाम, म्हणजे लेस, विणीत. ही कला एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तेथे आणली. मीस गेल्या तेव्हा तो माल परदेशांच्या बाजारांत जात होता आणि व्यापारी त्यावर गबर झाले होते. विणणाऱ्या स्त्रीला मात्र घरातील, गावातील आणि सरकारी कागदांतील प्रत्येक जण गृहिणीच समजत होता. ती काम करते, असे कोणी म्हणत नव्हते. रिकाम्या वेळात हात चालवते, असे म्हणत. कष्टाला कष्ट न म्हणण्याच्या या युक्तीला मीस यांनी ‘गृहिणीकरण’ असे नाव दिले. एकदा नाव दिले की वस्तू दिसू लागते, हे भाषेच्या शिक्षकाला वेगळे सांगावे लागत नाही.

हा विचार किती जवळचा आहे हे पाहण्यासाठी नरसापूरला जाण्याची आवश्यकता नाही. आपल्या घरी कोणी विचारले की आई काय करते, तर उत्तर ठरलेले असते : काही नाही, घरीच असते. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरची बिनपगारी कामे करणारी स्त्री त्यांवर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करीत होती. ही कामे करणाऱ्या पुरुषांचा आकडा ९७ मिनिटांचा होता. २०२४ च्या पाहणीत हेच आकडे २८९ आणि ८८ असे आले. पाच वर्षांत तिची दहा मिनिटे वाचली आणि त्याचीही नऊ मिनिटे वाचली. मीस यांनी चाळीस वर्षांपूर्वी जे लिहिले त्याला जुने म्हणण्याची वेळ अद्याप आलेली नाही.

येथून पुढे त्यांचा विचार पर्यावरणाकडे वळतो, आणि ते वळण समजून घेणे महत्त्वाचे आहे. १९८६ च्या वसंतात चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा स्फोट झाला. जर्मनीतील शेते हिरवी होती, पण पालेभाजी खाऊ नये आणि मुलांना वाळूत खेळू देऊ नये, असे सांगितले जाऊ लागले. ज्या मातीने पोसले तीच शत्रू का व्हावी, हा प्रश्न मीस यांनी तेव्हा विचारला. वंदना शिवा यांच्यासह १९९३ साली लिहिलेल्या ‘इकोफेमिनिझम’ या ग्रंथात त्याचे उत्तर मांडले आहे. बाजाराची व्यवस्था हिमनगासारखी आहे, असे मीस आणि त्यांच्या सहकारी म्हणत. पाण्यावर दिसते ते भांडवल आणि पगारी काम. पाण्याखाली, न दिसणारे, न मोजलेले, असे घरातील स्त्रीचे कष्ट, लहान शेतकऱ्याचे आणि मजुराचे श्रम, जुन्या वसाहतींची लूट, आणि सर्वांत तळाशी निसर्ग. वरचा शुभ्र तुकडा तरंगतो तो खालच्या भारावर. मीस यांचे पती सरल सरकार हेही हैदराबादच्या मॅक्स म्यूलर भवनात जर्मन शिकवीत. १९९९ साली त्यांनीही पर्यावरण आणि समाजवाद यांवर एक गाजलेला ग्रंथ लिहिला. शब्दरूपे शिकवणाऱ्या दोन शिक्षकांनी अखेर नद्या, जंगले आणि माती यांचा विषय घ्यावा, हा योगायोग मोठा बोलका आहे.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या पत्रात पृथ्वीचे दुखणे आणि गरिबांचे दुखणे वेगळे काढता येत नाही, हे ख्रिस्ती जगापुढे मांडले. मीस यांचे प्रतिपादन त्याआधी दोन दशकांचे आहे आणि त्याचा पाया धर्मशास्त्राचा नाही. तरीही जो वाचक ते पत्र वाचून मीस यांच्याकडे येईल, त्याला बरीच वाट ओळखीची वाटेल.

आता गुणदोषांकडे येऊ. मीस यांची लेखनशैली शिक्षिकेची आहे. त्या उदाहरणाने आरंभ करतात, प्रश्न विचारतात, आणि अवघड संज्ञा आली की थांबून ती उलगडून सांगतात. विद्वत्तेचे ओझे वाचकाच्या खांद्यावर टाकणे त्यांना नापसंत होते. संशोधकाने वरून पाहू नये, खालून पाहावे, आणि ज्यांच्याविषयी लिहावयाचे त्यांच्या लढ्यात उभे राहून लिहावे, असा त्यांचा आग्रह. दोष दिसतो तो सिद्धान्त विस्तारताना. पुरुषसत्ता, वसाहतवाद, विज्ञान आणि बाजार यांची त्या एकच मोट बांधतात. मग प्रत्येक दुखण्याचे मूळ एकाच जागी सापडते. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. स्त्री ही निसर्गाच्या अधिक जवळ असते, असा सूर ‘इकोफेमिनिझम’ या विचारप्रवाहातून अनेकदा उमटतो. बीना अग्रवाल यांनी १९९२ च्या आपल्या निबंधात यावर नेमके बोट ठेवले. स्त्रीचे निसर्गाशी नाते तिच्या स्वभावातून येत नाही. जमीन कोणाची, जात-वर्ग कोणता, कामाची वाटणी कशी, यांतून ते घडते, असे त्यांचे म्हणणे. अग्रवाल यांचा रोख मुख्यतः शिवा यांच्या लेखनावर होता, पण तो आक्षेप मीस यांनाही तपासून घ्यावा लागतो.

हा वाद ग्रंथालयात बसून सुटणारा नाही. कर्जत-खालापूरच्या कसोटीचे प्रयोजन येथे आहे.

जूनचा पहिला पाऊस पडला की कर्जत, नेरळ, खोपोलीच्या बाजारांत ठाकूर आणि कातकरी बाया रानभाज्या घेऊन बसतात. शेवळे, टाकळा, कुर्डू, भारंगी, पुढे कंटोली. कोणती भाजी कोणत्या उतारावर, कितव्या पावसानंतर, किती कोवळी असताना खुडावी, हे ज्ञान त्यांच्या घराण्यांत पिढ्यानपिढ्या चालत आले आहे. शेवळांची खाज मारण्यासाठी काकडाची फळे घालावी लागतात, हे आपल्या स्वयंपाकघरांतही ठाऊक असते. ते जंगलातून येथवर आले ते याच बायांच्या टोपल्यांतून. कर्जतच्या भात संशोधन केंद्राने काढलेल्या वाणांना ‘कर्जत’ हे नाव मिळाले, ही अभिमानाची गोष्ट आहे. टोपलीतल्या ज्ञानाला मात्र नाव नाही, क्रमांक नाही. मीस ज्याला निर्वाहाचे उत्पादन म्हणतात, ते हे. इथवर त्यांचा सिद्धान्त हातमोजासारखा बसतो.

हिमनगाचे चित्रही येथे उघड्या डोळ्यांनी पाहता येते. टाटांचे खोपोलीचे वीजगृह १९१५ साली सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ साली. घाटमाथ्यावर अडवलेले पाणी नळांतून या पायथ्याशी कोसळते आणि त्यापासून झालेल्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. खालापूरच्या मोरबे धरणाचे पाणी नवी मुंबईच्या घरांत जाते. द्रुतगती महामार्ग याच तालुक्यातून धावतो. डोंगर, पाणी आणि वाट यांचा लाभ दोन्ही टोकांच्या शहरांना मिळाला. मधल्या पायथ्याचा हिशेब कोणी लिहिला नाही.

परंतु दिवाळी उलटली की चित्र पालटते. रान सुकते, आणि अनेक कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्टीवर जातात. कात पाडण्यावरून ज्यांना नाव मिळाले, त्यांच्या वाट्याला आता खैराचे जंगल उरलेले नाही. पावसाळ्याचे चार महिने निसर्गाची जाणकार असलेली स्त्री उरलेले महिने भट्टीवर चिखल तुडवते. तिचे ज्ञान कमी झालेले नसते. तिच्या पायाखालची जमीन मात्र तिची नसते.

मीस यांच्या आईच्या हकीकतीकडे येथे पुन्हा वळावे लागते. त्या माउलीचे धैर्य खरेच. पण तिच्याकडे डुकरीण होती, गोठा होता, कुटुंबाची जमीन होती. पिल्लांचा भाव ती ठरवू शकली. कातकरी स्त्रीजवळ तेवढेच धैर्य आहे, तेवढेच श्रम आहेत, आणि हाताशी काहीच नाही. रायगडच्या डोंगरउतारांवर आदिवासी पिढ्यानपिढ्या ज्या दळीच्या जमिनी कसत आले, त्या इंग्रजी अमलापासून वनखात्याच्या वहीत राहिल्या. कसणाऱ्याला त्यांची मालकी मिळाली नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने दावा करण्याचा मार्ग खुला केला. पण दावा लावणे म्हणजे कागद, पुरावे आणि खेटे. त्याच डोंगरांच्या कुशीत शहरातील माणसाच्या शेतघराचा सातबारा मात्र विनासायास तयार होतो. निर्वाह हे मूल्य आहे, यात शंका नाही. पण हक्काशिवायचा निर्वाह ही लाचारीही असू शकते, आणि हा भेद मीस यांच्या सिद्धान्तात पुरेसा ठळक होत नाही.

मीस यांच्याविषयी न्याय करावयाचा तर हेही नमूद केले पाहिजे की त्यांच्याच एका पुस्तकात या आक्षेपाचे उत्तर दडलेले आहे. व्हेरोनिका बेनहोल्ट-थॉमसेन यांच्यासह लिहिलेले ‘द सब्सिस्टन्स पर्स्पेक्टिव्ह’ हे पुस्तक १९९९ साली इंग्रजीत आले. मूळ जर्मन पुस्तकाच्या नावाचा अर्थ होतो ‘हिलरीसाठी एक गाय’. हिलरी क्लिंटन १९९५ साली बांगलादेशातील एका खेड्यात गेल्या असता तेथील बायांनी त्यांनाच उलट प्रश्न विचारले : तुमच्याकडे गाय आहे का, तुमची स्वतःची कमाई आहे का? नाही म्हटल्यावर त्या बायांना पाहुणीची कीव आली. मीस यांना ही हकीकत आवडली, कारण तीत श्रीमंतीचा अर्थच बदलतो. आपण तिच्यातील दुसरा शब्द अधोरेखित करावा : स्वतःची. गाय कोणाची, हे त्या बायांनी आधी विचारले. लेखिकेचा सिद्धान्त जेथे सैल पडतो, तेथे तिने सांगितलेली गोष्ट नेमकी राहते.

१९ जुलै २०२३ च्या रात्री, मीस यांच्या निधनानंतर दोन महिन्यांनी, खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. सुमारे २२८ वस्तीच्या त्या ठाकूरवाडीतील २७ जणांचे मृतदेह हाती लागले. ५७ जण बेपत्ता राहिले. वर जावयास गाडीरस्ता नव्हता. यंत्रे पोहोचू शकली नाहीत आणि चिखल हातांनी उपसावा लागला. तेव्हा अनेकांनी विचारले : ही माणसे तेथे राहतच का होती? शेत आणि रान तेथे होते म्हणून, हे त्याचे उत्तर. निर्वाहाचा अर्थ न जाणणाऱ्या शहराचा तो प्रश्न होता, आणि त्याला मीस यांचे ग्रंथ चांगले उत्तर देतात. परंतु निसर्गाची लेकरे म्हणून या माणसांचे कौतुक करणाऱ्यालाही त्या रात्रीने निरुत्तर केले आहे. डोंगराच्या जवळ असणे म्हणजे डोंगरापासून सुरक्षित असणे नव्हे. रस्ता, धोक्याची आगाऊ सूचना, सुरक्षित जागी घर आणि कसण्याची जमीन या चारही गोष्टी एकत्र मागाव्या लागतात. त्यांतील एकीसाठी दुसरी सोडावयास सांगणे अन्यायाचे आहे.

या भूमीला असा विचार परका नाही. माथेरानचे भाई कोतवाल १९४३ साली सिद्धगडावर हुतात्मा झाले, हे आपण शाळेत शिकतो. त्याआधी त्यांनी शेतकऱ्यांना पावसाळ्याच्या टंचाईत सावकाराच्या दारी जावे लागू नये म्हणून धान्याच्या कोठ्या उभारल्या होत्या, हे फारसे शिकवले जात नाही. सर्वांचे धान्य, सर्वांची कोठी आणि कर्जापासून मुक्ती. निर्वाह आणि हक्क यांची सांगड घालणारा हा प्रयोग मीस यांच्या सिद्धान्ताच्या कितीतरी आधी कर्जत परिसरात झाला.

एकूण विचार करता मीस यांचे मोठेपण सिद्धान्तापेक्षा प्रश्न विचारण्याच्या रीतीत अधिक आहे. ज्यांना त्यांचे वैचारिक ग्रंथ जड वाटतील त्यांनी आत्मचरित्रापासून आरंभ करावा. नंतर नरसापूरचे पुस्तक घ्यावे, आणि ‘इकोफेमिनिझम’ सर्वांत शेवटी, बीना अग्रवाल यांचा निबंध शेजारी ठेवून. आपल्या धर्मग्रामांतील महिला मंडळांनी आणि वाचनालयांनी त्यावर चर्चा घडवून आणली तर ती व्यर्थ जाणार नाही. कर्जतला जमीन घेताना दलालाला भाव विचारला जातो, रस्ता विचारला जातो, पाणी विचारले जाते. या उतारावर आजवर कोण कसत होते आणि तिचे नाव कोणत्या कागदावर आहे, हेही त्याला विचारावे. पुण्याच्या वर्गात मुली जर्मन का शिकतात हे विचारणाऱ्या शिक्षिकेकडून एवढे तरी आपण शिकावयास हवे.